कपाटाची किल्ली कपाटातच

आषाढातल्या एका दुपारी छापखान्याचे काका रिक्षातून कॉम्प्युटर घेऊन माझ्या दुकानात आले. सीपीयूला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली होती आणि वरून छत्री धरलेली. स्वतः मात्र खांद्यापर्यंत भिजले होते. म्हणाले, "ताई, आधी ज्यांना दाखवला ते म्हणतात, डिस्क गेली, नवीन टाका. पण यात माझं अठरा वर्षांचं काम आहे. तुम्ही एकदा बघा."

माझं दुकान काशीगावात, जरीमरी तलावापासून हाकेच्या अंतरावर. काशीगाव नावाचं मेट्रोचं स्थानक आता उभं राहिलंय, चाळींच्या जागी टॉवर आलेत. पण काशीमिरा नाक्याच्या आसपासच्या गाळ्यांमध्ये अजून जुनी यंत्रं आणि त्यांच्याइतकेच जुने कॉम्प्युटर रोजची भाकरी मिळवून देतात. ते चालू ठेवणं हे माझं काम. या कामात एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. ते वाक्य म्हणजे, "डिस्क दिसत नाही, म्हणजे डिस्क गेली."

बहुतेक वेळा ते खरं नसतं. डिस्क जागेवर असते, त्यातलं कामही शाबूत असतं. तिच्याशी बोलणारा मधला माणूस तेवढा गैरहजर असतो.

नवा कॉम्प्युटर का चालणार नव्हता

काकांचा कॉम्प्युटर २००६ च्या गणपतीत घेतलेला. विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि मराठी अक्षरजुळणीचं एक सॉफ्टवेअर. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची आमंत्रणं, सोसायट्यांचे अहवाल असं सगळं त्यात. आतला मदरबोर्ड थकला होता, त्यावरचे कपॅसिटर फुगून वर आले होते. मशीन सुरू व्हायचं, दहा-बारा मिनिटं चालायचं आणि गोठायचं.

फायली पेन ड्राइव्हवर घ्या आणि नव्या कॉम्प्युटरवर उघडा, असं कुणीही म्हणेल. पण त्या काळच्या मराठी फायलींची गोष्ट वेगळी आहे. आज आपण मोबाइलवर टाइप करतो ते युनिकोड. त्यात 'क' ला जगभर एकच क्रमांक असतो. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, म्हणून अक्षरजुळणीच्या प्रत्येक कंपनीनं आपले फाँट आपल्याच क्रमांकांवर बसवले. तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर पत्रिकेतल्या वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणजे फायली वाचवायच्या तर त्या वाचणारा अख्खा कॉम्प्युटर वाचवायला हवा होता.

त्यासाठीच व्हर्च्युअल मशीन असतं. नव्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम चालवायचा आणि त्या प्रोग्रामच्या पोटात जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा उभा करायचा. आतल्या विंडोजला वाटतं, आपण खऱ्या बोर्डावर, खऱ्या डिस्कवर चालतोय. प्रत्यक्षात तिची डिस्क म्हणजे नव्या कॉम्प्युटरवरची एक मोठी फाइल असते. ही कल्पना आजची नाही. आयबीएमनं १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, त्यात एकाच यंत्रावर अनेक यंत्रांचा भास निर्माण होत असे. घरच्या कॉम्प्युटरवर ही सोय १९९९ मध्ये व्हीएमवेअरच्या वर्कस्टेशननं आणली. मी काकांसाठी व्हर्च्युअलबॉक्स वापरायचं ठरवलं. ते फुकट मिळतं.

बहुरूपी आणि दुभाष्या

पुढचं समजण्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, कंट्रोलर. डिस्क कधीच एकटी नसते. तिच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये कंट्रोलर नावाची चिप असते, सगळी देवाणघेवाण तिच्यातून होते. व्हर्च्युअल मशीनमध्ये ही चिपसुद्धा खोटी असते. आपल्याकडे बहुरूपी दारात यायचा, कधी फौजदाराच्या वेशात, कधी साधूच्या. व्हर्च्युअल मशीन तसंच करतं. सेटिंगमध्ये आयडीई निवडलं तर ते इंटेलच्या नव्वदीच्या दशकातल्या पीआयआयएक्स-४ या चिपचा वेश घेतं. साटा निवडलं तर एएचसीआय या पुढच्या पद्धतीचा.

दुसरी, ड्रायव्हर. कंट्रोलरची भाषा ऑपरेटिंग सिस्टमला समजावणारा हा दुभाष्या. प्रत्येक वेशाचा दुभाष्या निराळा. बहुरूप्यानं ज्या वेशात यावं त्या वेशाचा दुभाष्या घरात नसेल, तर दार उघडूनही संवाद होत नाही. मग स्क्रीनवर येतं, डिस्क सापडली नाही.

आता यातली खरी गाठ. हा दुभाष्या राहतो कुठे? डिस्कवरच. म्हणजे डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळवायला डिस्क वाचायला हवी. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली, तसं.

रोजच्या सुरुवातीला ही गाठ कशी सुटते तेही पाहण्यासारखं आहे. बटण दाबल्यावर पहिले काही क्षण मदरबोर्डावरचा बायोस डिस्क वाचतो. तो विंडोजचा गाभा मेमरीत आणतो आणि सोबत एका यादीतले ड्रायव्हरही आणतो. सुरुवातीलाच कोणकोण लागणार, याची ही यादी विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहिलेली असते. एवढं झालं की बायोस बाजूला होतो आणि पुढचा सगळा भार त्या ड्रायव्हरवर येतो. समोरच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर यादीत नसेल, तर तिथेच निळा पडदा येतो. त्यावरचा आकडा सात आणि बी नं संपतो, म्हणून आमच्या धंद्यात त्याला 'सेव्हन-बी' म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच की जिथून सुरुवात करायची ते साधन हाताला लागत नाही.

म्हणून मी शिकायला येणाऱ्या मुलांना एक खूण शिकवते. निळ्या पडद्याआधी दोन-तीन सेकंद विंडोजचं चिन्ह दिसलं का? दिसलं असेल तर बायोसनं डिस्क वाचली, म्हणजे डिस्क जिवंत आहे. काकांना 'डिस्क गेली' सांगणाऱ्यानं ती काढून एका नव्या कॉम्प्युटरला लावून पाहिली होती. चिन्ह आलं, मग निळा पडदा. त्यानं पडदा पाहिला, त्याच्या आधीचं चिन्ह पाहिलंच नाही.

तीन प्रयत्न

पहिलं काम प्रत काढण्याचं. डिस्क ८० जीबीची, रुंद रिबन केबलची. तिला यूएसबीचं अडॅप्टर लावून लिनक्सच्या मशीनवर घेतलं आणि पहिल्या बिंदूपासून शेवटच्यापर्यंत पूर्ण इमेज काढली. तासभर गेला. काका स्टुलावर बसून होते, चहासुद्धा अर्धाच प्यायले. एकही वाचनदोष न येता इमेज पूर्ण झाली, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काका, तुमचं काम आता दोन ठिकाणी आहे. यापुढे काहीही बिघडलं तरी मूळ जाणार नाही." मग त्यांनी उरलेला चहा संपवला.

ती इमेज व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्कमध्ये बदलली आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाला मशीन तयार करायला सांगितलं. त्यानं सुरू केलं. चिन्ह आलं, खालची निळी पट्टी दोनदा सरकली आणि सेव्हन-बी.

"ताई, डिस्कच दिसत नाही."

मी म्हटलं, "मशीन बनवताना प्रकार कोणता निवडलास?" त्यानं विंडोज १० निवडलं होतं. तो पर्याय केवळ नावापुरता आहे, असं पुष्कळांना वाटतं. पण त्या एका निवडीवर कंट्रोलर ठरतो. विंडोज १० म्हटलं की व्हर्च्युअलबॉक्स साटाचा वेश घेतं. एक्सपी बाजारात आलं २००१ मध्ये, एएचसीआयची पहिली पक्की आवृत्ती निघाली २००४ मध्ये. जी पद्धत नंतर जन्मली, तिचा दुभाष्या एक्सपीकडे कसा असणार?

मशीन बंद केलं. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क साटावरून काढली, आयडीई कंट्रोलर जोडला, त्याचा प्रकार पीआयआयएक्स-४ ठेवला आणि डिस्क त्यावर लावली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा सेव्हन-बी.

इथे बहुतेक जण हात टेकतात. इलाज बरोबर होता, मग पडदा पुन्हा का? उत्तर मूळ बोर्डात होतं. काकांच्या बोर्डावरची आयडीई चिप इंटेलची नव्हती, दुसऱ्या बनावटीची होती. त्यामुळे २००६ मध्ये एक्सपी टाकलं तेव्हा सुरुवातीच्या यादीत त्याच बनावटीच्या चिपचं नाव चढलं. इंटेलच्या चिपचा ड्रायव्हर एक्सपीला माहीत होता, पण पहाटेच्या पाळीला त्याचं नावच लावलेलं नव्हतं.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे डिस्कची प्रत दुसऱ्या मशीनला जोडून तिची रजिस्ट्री बाहेरून उघडायची आणि आयडीईच्या साध्या ड्रायव्हरांची नावं यादीत चढवायची. ते जोखमीचं काम, एका चुकीच्या ओळीनं विंडोज उठतच नाही. दुसरा उपाय सोपा, पण जुनं मशीन थोडा वेळ तरी चालायला हवं. काकांचं दहा मिनिटं चालत होतं. मी डिस्क परत त्या जुन्या बोर्डाला लावली, डिव्हाइस मॅनेजर उघडला, आयडीई कंट्रोलरवर राइट क्लिक करून ड्रायव्हर बदलायला घेतला आणि यादीतून 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर' निवडला. हा सर्वसाधारण दुभाष्या, कोणत्याही बनावटीच्या आयडीई चिपशी कामापुरतं बोलणारा. मशीन गोठायच्या आत ते व्यवस्थित बंद केलं आणि नव्यानं इमेज काढली.

तिसऱ्या वेळी चिन्ह आलं, पट्टी सरकत राहिली, पडदा काळा झाला आणि मग काकांच्या डेस्कटॉपवरचा हिरवा डोंगर दिसला. पेजमेकर उघडलं. त्यांनी स्वतः माउस हातात घेऊन एक फाइल निवडली. वर मधोमध 'श्री गणेश प्रसन्न', खाली वेलबुट्टी, त्याखाली त्यांच्या थोरल्या मुलीची लग्नपत्रिका. एक काना, एक मात्रा इकडची तिकडे नव्हती. काका काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि पत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

त्या मशीनचं इंटरनेट मी कायमचं तोडून ठेवलंय. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, तेव्हापासून त्यातली भगदाडं नेमानं बुजवणारं कुणी नाही. काका काम करतात, पीडीएफ बनवतात आणि ती बाहेरच्या नव्या विंडोजमध्ये घेऊन छपाईला पाठवतात.

एका सेलची किंमत

काकांच्या वेळी मी घाई केली नाही, कारण पूर्वी एकदा केली होती.

मी नुकतं काम सुरू केलं होतं. शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंचा कॉम्प्युटर आला. कालपर्यंत चालत होता, आज चिन्ह येऊन निळा पडदा. मी डिस्क बिघडली असं ठरवलं, ती माझ्या मशीनला लावून फॉरमॅट मारला आणि परत बसवून एक्सपी नव्यानं टाकायला घेतलं. तर सेटअपच म्हणू लागला, डिस्क सापडत नाही. तेव्हा बायोस उघडून पाहिला. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. बोर्डावरचा सीआर-२०३२ चा गोल सेल संपला होता. तो संपल्यामुळे बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्या आणि त्या बोर्डाची मूळ सेटिंग होती एएचसीआय. बाईंचं एक्सपी आयडीई सेटिंगवर टाकलेलं होतं. रात्रीतून कंट्रोलरनं वेश बदलला, एवढंच घडलं होतं. नवा सेल आणि एक सेटिंग, पाच मिनिटांचं काम. त्याऐवजी मी त्यांनी वर्षानुवर्षं तयार केलेल्या प्रश्नपत्रिका पुसल्या होत्या. त्या मला रागावल्या नाहीत, याचं ओझं आजही आहे.

तेव्हापासून नियम केला. आधी प्रत, मग प्रयोग. आणि डिस्कला दोष देण्याआधी कंट्रोलर विचारायचा.

सेटअप म्हणजे छापलेलं पंचांग

ही कथा जुन्या एक्सपीपुरती नाही. विंडोजची सीडी किंवा आयएसओ फाइल म्हणजे एखाद्या वर्षाचं छापलेलं पंचांग. ज्या दिवशी छापलं, त्या दिवसापर्यंतचंच तिला ठाऊक. एक्सपीला एएचसीआय कळलं नाही. २००९ च्या विंडोज ७ ला एनव्हीएमई कळलं नाही, कारण त्या झटपट डिस्कांचं पहिलं प्रमाण २०११ मध्ये निघालं. दर वेळी लोक डिस्क बदलून आणायला धावले आणि दर वेळी कमतरता ड्रायव्हरची होती.

आजच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हाच प्रश्न व्हर्टआयओच्या रूपात येतो. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम ही व्हर्च्युअल मशीनची सोय आली. पण अशा मशीनमध्ये जुन्या चिपची नक्कल करण्यात वेळ जातो. वेश सांभाळायचा, तिच्या प्रत्येक सवयीची नक्कल करायची, त्यात डिस्क मंदावते. ऑस्ट्रेलियाचे प्रोग्रामर रस्टी रसेल यांनी सुचवलं की हे सोंग हवंच कशाला? आतल्या सिस्टमला सरळ सांगावं, तू व्हर्च्युअल मशीनमध्ये आहेस, आपण नेमक्या शब्दांत बोलू. या बोलीचं नाव व्हर्टआयओ. ती वेगवान आहे. लिनक्सच्या गाभ्यात तिचा दुभाष्या २००८ पासून आहे. पण विंडोजच्या सेटअपमध्ये तो आजही नसतो, विंडोज ११ मध्येसुद्धा नाही.

मीरा रोडला एका कर सल्लागारांच्या कार्यालयात मी प्रॉक्समॉक्सवर विंडोज ११ टाकत होते. प्रॉक्समॉक्स याच केव्हीएमवर चालतं. सेटअप छान सुरू झाला आणि 'विंडोज कुठे टाकायचं' या पडद्यावर यादी रिकामी. सर मागे उभे होते, त्यांचा चेहरा उतरला. मी शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबून काळी खिडकी उघडली, डिस्कपार्ट सुरू केलं, लिस्ट डिस्क लिहिलं. उत्तर आलं, दाखवण्याजोगी एकही डिस्क नाही. म्हणजे केवळ त्या पडद्याची चूक नव्हती, सेटअपला खरोखरच काही दिसत नव्हतं.

उपाय असा. व्हर्टआयओच्या विंडोज ड्रायव्हरांची आयएसओ फाइल फुकट मिळते. ती त्या मशीनला दुसरा सीडी ड्राइव्ह म्हणून जोडायची. विंडोजची सीडी काढून तिच्या जागी लावू नका, दोन्ही एकदम असू द्या. सीडी बदलली की पुढे 'या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही' असा नवाच गोंधळ उभा राहतो. मग त्याच रिकाम्या यादीच्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' दाबायचं आणि फोल्डर निवडायचं. डिस्क व्हर्टआयओ ब्लॉक म्हणून जोडली असेल तर व्हीआयओस्टोर, व्हर्टआयओ स्कझी म्हणून जोडली असेल तर व्हीआयओस्कझी. त्याच्या आत विंडोजच्या आवृत्तीचा फोल्डर आणि त्याच्या आत एएमडी६४. नाव एएमडीचं असलं तरी इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरलाही हाच फोल्डर लागतो. या नावाला फसून चुकीचा फोल्डर निवडणारे मी अनेक पाहिले आहेत. 'रेड हॅट व्हर्टआयओ' अशी ओळ दिसली की पुढे जायचं. सरांच्या मशीनवर दहा सेकंदांत यादीत डिस्क आली. त्याच आयएसओमधला नेटकेव्हीएम हा नेटवर्कचा ड्रायव्हरही लगेच टाकून घ्यावा, कारण विंडोज ११ चा सेटअप पुढे इंटरनेट मागतो.

आणि आधीच आयडीईवर चालणारं विंडोज व्हर्टआयओवर न्यायचं असेल तर? थेट बदललं की सेव्हन-बीच येणार. तिथे एक युक्ती मला फार आवडते. मुख्य डिस्कला हात न लावता एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची. विंडोज नेहमीप्रमाणे सुरू होतं, नवं काहीतरी आलंय म्हणतं, मग त्या रिकाम्या डिस्कच्या निमित्तानं ड्रायव्हर टाकायचा. दुभाष्या घरात आला आणि त्याचं नाव पहाटेच्या यादीत चढलं. मग मशीन बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर घ्यायची आणि रिकामी काढून टाकायची.

लिनक्समध्ये दुभाष्या असतो, पण नावाचा घोळ होतो. जुन्या कंट्रोलरवर एसडीए असलेली डिस्क व्हर्टआयओ ब्लॉकवर व्हीडीए होते. एफएस-टॅब या फाइलमध्ये जुनं नाव लिहिलेलं असेल तर सिस्टम अर्ध्या वाटेत थांबते. म्हणून तिथे नावाऐवजी फाइल सिस्टमचा यूयूआयडी लिहावा, तो वेश बदलला तरी बदलत नाही. आणि कंट्रोलर बदलण्याआधी इनिट-रॅम-एफएस, म्हणजे सुरुवातीच्या ड्रायव्हरांचं गाठोडं, नव्यानं बांधून घ्यावं.

तुमच्या घरातही

व्हर्च्युअल मशीनशी आपला काय संबंध, असं वाटत असेल तर घरातला नवा लॅपटॉप आठवा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते. डिस्क तिच्या मागे राहते. पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला गेलं की तीच रिकामी यादी. कॉलेजातली मुलं घाबरून येतात, "दीदी, एसएसडी उडाली." उडालेली नसते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्यावा, पेन ड्राइव्हवर उलगडून ठेवावा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवावा. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा दुसरा मार्ग आहे, पण तो कोऱ्या डिस्कपुरताच. आत चालतं विंडोज असेल तर ती सेटिंग बदलू नका, तुम्हीच सेव्हन-बीला बोलावणं धाडाल.

डिस्क दिसत नाही असं झालं की मी या क्रमानं जाते. मशीनला डिस्क जोडलीय का? घाईत ती बनवायचीच राहिलेली मी पाहिलीय. बायोसला ती दिसते का? विंडोजचं चिन्ह क्षणभर तरी आलं का? कंट्रोलर कोणता आहे आणि आतली सिस्टम त्या कंट्रोलरच्या आधीची की नंतरची? ड्रायव्हर त्याच आवृत्तीचा, तितक्याच बिटांचा आहे का? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुरू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून चाचपडावं लागतं.

खऱ्या अर्थानं मेलेल्या डिस्काही असतात. त्या टकटक आवाज करतात, बायोसमध्ये त्यांचं नाव येत नाही, प्रत काढताना वाचनदोष येत राहतात. त्यांच्यासाठी डेटा परत मिळवून देणारे तज्ज्ञ असतात, आणि त्यांच्याकडेही डिस्क पुसण्याआधी जायचं असतं, नंतर नाही.

काकांची ती ८० जीबीची डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून, तारीख घालून त्यांच्या कपाटात ठेवली आहे. तिच्या दोन प्रती वेगळ्या ठिकाणी आहेत. तुमच्या घरी, दुकानात, कार्यालयात एखादा कॉम्प्युटर 'डिस्क गेली' म्हणून कोपऱ्यात पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका आणि कुणाला लगेच फॉरमॅट मारू देऊ नका. समोरच्याला आधी एवढंच विचारा, "कंट्रोलर कोणता, आणि त्याचा ड्रायव्हर आत आहे का?" याचं उत्तर त्याला देता आलं नाही, तर कॉम्प्युटर उचला आणि दुसरीकडे न्या.